इंग्लंडच्या जुन्या टोलरस्त्यांवर मैलाचे दगड कसे शोधावेत

हीथ्रोला उतरून टॅक्सीने स्लाउकडे निघालात, की विमानतळाच्या उत्तर कडेने ए-४ नावाचा रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना हॉटेलं, भाड्याच्या गाड्यांची दुकानं, बसथांबे. हा जुना बाथ रोड. २ ऑगस्ट १७८४ ला दुपारी चार वाजता ब्रिस्टॉलहून निघालेली पहिली टपालगाडी बाथमार्गे याच रस्त्याने सोळा तासांत लंडनला पोचली. हाइड पार्क कॉर्नरपासूनचे मैल सांगणारे दगड या रस्त्याच्या कडेला अजून उभे आहेत. मी सात वर्षं इथून कामाला जात होते आणि त्यातला एकही दगड मला दिसला नव्हता.

याची लाज वाटायला खास कारण आहे. माझे आजोबा सातारा जिल्ह्यात पीडब्ल्यूडीचे मैलकुली होते. त्यांच्या वाट्याच्या रस्त्यातले खड्डे बुजवणं, गटारं मोकळी ठेवणं, झाडांना गेरू-चुना मारणं आणि दिवाळीआधी मैलाच्या दगडाला रंग देऊन आकडा काळ्याने गिरवणं ही त्यांची कामं. इथेही अशा माणसाला लेंग्थमन म्हणत, म्हणजे ठरावीक लांबीच्या रस्त्याचा राखणदार. हे कळल्यावर मी गाडी बाजूला लावून पाहायला लागले. चार हिवाळे झाले. त्यात जे जमलं, जे चुकलं, ते इथे क्रमाने सांगते. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना आणि मुलांकडे महिना-दोन महिने येऊन ‘आता काय पाहायचं’ म्हणणाऱ्या आई-बाबांना याचा उपयोग व्हावा.

आधी टोलचं प्रकरण समजून घ्या

१५५५ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या प्रत्येक गावावर आपल्या हद्दीतला रस्ता राखायची सक्ती होती. वर्षातले चार दिवस आणि पुढे सहा दिवस गावकऱ्यांनी फुकट राबायचं. आपल्याकडे याला वेठ म्हणतात. लंडनला माल नेणाऱ्यांच्या गाड्यांनी चाकोऱ्या पाडायच्या आणि त्या बुजवायच्या गावच्या शेतकऱ्याने, हे किती दिवस चालणार? १६६३ मध्ये उत्तरेकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यासाठी संसदेने वेगळा कायदा केला आणि हर्टफर्डशरमधल्या वेड्समिल गावात टोल घ्यायला फाटक बसलं. जो रस्ता वापरेल तो पैसे देईल.

या फाटकाला टर्नपाइक म्हणत. पाइक म्हणजे भाला. भाल्यासारखी टोकं असलेला आडवा दांडा पैसे दिले की फिरायचा. आपल्या विठ्ठलाच्या पाइकाशी त्याचं काही नातं नाही. पुढे गावोगावचे जमीनदार, पाद्री, व्यापारी एकत्र येऊन ट्रस्ट काढू लागले. संसदेकडून साधारण एकवीस वर्षांची परवानगी घ्यायची, टोलच्या तारणावर कर्ज उचलायचं, रस्ता करायचा. टोलवसुलीचा बहुतेक ठिकाणी लिलाव होई. सगळ्यात मोठी बोली लावणाऱ्याला वर्षाचा मक्ता, आणि फाटकावर बसलेला माणूस त्या मक्तेदाराचा. वसुली किती आणि रस्त्यावर खर्च किती, यावरची भांडणं तेव्हाही आजच्याइतकीच रंगत. वेल्समध्ये १८३९ ते १८४३ या काळात शेतकऱ्यांनी बायकांचे कपडे घालून रात्री फाटकं फोडली. इतिहासात ते रिबेकाचे दंगे म्हणून नोंदले गेलेत.

१८३० च्या दशकापर्यंत हजारावर ट्रस्ट आणि वीस हजार मैलांहून जास्त टोलरस्ते झाले होते. मग रेल्वे आली आणि ट्रस्ट एकामागून एक बुडाले. अखेरचा ट्रस्ट वेल्समधल्या अँग्लसी बेटावर होता. तो १८९५ मध्ये बंद झाला.

आपल्या कामाचं वर्ष आहे १७६७. त्या सुमारास टर्नपाइक रस्त्यांवर मैलाचे दगड बसवणं सक्तीचं झालं. भाड्याच्या घोड्यांचे पैसे मैलावर मोजत आणि टपालगाडीचं वेळापत्रकही मैलावर चाले, त्यामुळे दगड नसला की रोज वाद. म्हणून आज सापडणारे बहुतेक दगड १७५० ते १८५० या शंभर वर्षांतले आहेत.

रस्ता निवडा, पण लहान

पहिल्या वेळी पाच-सहा मैलांहून जास्त रस्ता घेऊ नका. दगड शोधायला नकाशावर वाटतो त्याच्या तिप्पट वेळ लागतो. चार पदरी ए-रस्ताही नको, कारण तो रुंद करताना दगड बहुधा उखडले गेलेत आणि पायी चालणं जिवावरचं. उत्तम रस्ता कोणता? जो एके काळी मुख्य होता आणि बाह्यवळण झाल्यावर मागे पडला. हीथ्रोपलीकडचं कोलनब्रुक घ्या. ए-४ गावाला वळसा घालून जातो, पण कोलनब्रुकची हाय स्ट्रीट हाच मूळचा बाथ रोड. नावांवरूनही माग लागतो. लंडन रोड, टोलगेट, टर्नपाइक. हीथ्रोहून लंडनला नेणाऱ्या पिकॅडिली लाइनवर टर्नपाइक लेन नावाचं स्टेशनच आहे.

कुठून सुरुवात करावी असं कोणी विचारलं तर मी तीन रस्ते सांगते.

सगळ्यात सोपा केंब्रिजचा. रोमन गेल्यानंतर इंग्लंडमध्ये पहिल्यांदा नीट मोजून मैलाचे दगड लावले ते इथे, १७२५ ते १७२७ मध्ये, म्हणजे सक्तीच्या चाळीस वर्षं आधी. सोळाव्या शतकातल्या दोन भल्या माणसांनी रस्त्याच्या डागडुजीसाठी ठेवलेले पैसे ट्रिनिटी हॉल या कॉलेजकडे होते. त्या कॉलेजच्या डॉ. विल्यम वॉरन यांनी ग्रेट सेंट मेरी चर्चपासून मोजायला सुरुवात केली आणि सोळा मैलांवरच्या बार्कवेपर्यंत दगड बसवले. त्यांवर कॉलेजची चंद्रकोर कोरलेली आहे. पहिला दगड ट्रम्पिंग्टन रोडवर, बोटॅनिक गार्डनच्या बाजूला. स्टेशनवरून चालत जाता येतं. नऊवारीतल्या सासूबाईंनाही दाखवून झालाय.

दुसरा ससेक्समधला ए-२२, ईस्ट ग्रिनस्टेड ते अकफील्डच्या बाजूचा. इथल्या लोखंडी पाट्यांवर लंडनचं नावच नाही. वर आकडा, खाली रिबिनीची गाठ आणि तिला लोंबणारी घंटांची माळ. रिबिनीच्या गाठीला इंग्रजीत बो म्हणतात, आणि हे मैल लंडनच्या सेंट मेरी-ल-बो चर्चपासून मोजलेले. बोच्या घंटा! ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही कळावं अशी सोय. मात्र ए-२२ वर रहदारी फार आहे, रविवारी सकाळी लवकर जा.

तिसरा लांबचा, पण माझा लाडका. थॉमस टेलफर्ड यांनी बांधलेला होलीहेडचा रस्ता, म्हणजे आताचा ए-५, उत्तर वेल्समध्ये. अँग्लसीच्या चुनखडीचे उंच दगड आणि त्यात बसवलेली ओतीव लोखंडाची पाटी, तिच्यावर मैल आणि फर्लांग, म्हणजे मैलाचा आठवा भाग. फर्लांग हा शब्द मी आजोबांनंतर तिथेच पाहिला. काही पाट्यांवर सर्निओग असं ठिकाण येतं. टपालगाड्यांचे घोडे बदलायची मोठी खानावळ तिथे होती. आज तिथे शेतकऱ्याचं घर आहे, पण लोखंड अजून तिथलं अंतर सांगतं आहे.

घरी बसून नकाशा वाचा

निम्म्याहून जास्त दगड घरीच सापडतात. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे, जुने नकाशे फुकट पाहता येतात. सहा इंचाला एक मैल या मापाचा नकाशा उघडा. स्क्रीनच्या एका बाजूला जुना नकाशा आणि दुसऱ्या बाजूला आजचं उपग्रहचित्र ठेवायची सोय आहे, ती वापरा. रस्त्याच्या कडेने हळूहळू सरका. एम आणि एस ही दोन अक्षरं दिसली की दगड, एम आणि पी दिसली की लोखंडी खांब. बहुधा शेजारी ‘लंडन इतके, अमुक गाव तितके’ असं बारीक छापलेलं असतं, म्हणजे दगडावर काय लिहिलंय तेही आधीच कळतं. बी आणि एस म्हणजे हद्दीचा दगड, त्याच्यामागे लागू नका. टी आणि पी म्हणजे टोलचं फाटक, ते मात्र टिपून ठेवा.

एक दगड मिळाला की पुढचा १,६०९ मीटरवर असायला हवा. फोनवरच्या नकाशात अंतर मोजताना आजच्या सरळ केलेल्या रस्त्याने मोजू नका. जुन्या रस्त्याची वळणं धरून मोजा, नाहीतर दोनशे मीटरचा घोळ होतो. मी पहिल्या हिवाळ्यात एक अख्खी दुपार चुकीच्या कुंपणात घालवली ती यामुळे.

मग इंग्लंडच्या वारसा यादीत, म्हणजे संरक्षित वास्तूंच्या सरकारी यादीत, त्या गावाचं नाव आणि मैलाचा दगड असं शोधा. नोंदलेले बहुतेक दगड दुसऱ्या श्रेणीत आहेत. शेवटी मैलाच्या दगडांसाठी २००१ मध्ये स्थापन झालेल्या माइलस्टोन सोसायटीच्या नोंदी पाहा. ब्रिटनमध्ये सुमारे नऊ हजार दगड-खांब टिकून आहेत असा तिचा अंदाज आहे. तुमचा दगड तिथे फोटोसकट असेल तर हिरमुसू नका. जुना फोटो हाताशी असला की आज काय झिजलं, काय मोडलं ते सांगता येतं.

कधी जायचं, काय न्यायचं

जानेवारी ते मार्चचा मध्य. एप्रिलनंतर नेटल आणि काटेरी ब्रॅम्बल छातीइतकी वाढते. नेटल म्हणजे इथली खाजकुयलीच समजा. फ्लोरोसंट जाकीट घाला, ही हौस नाही. पदपथ नसेल तर उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं चाला. जाड हातमोजे, छाटणीची छोटी कात्री, मोजपट्टी, मऊ ब्रश, पाण्याची बाटली आणि टॉर्च. सोबत एक माणूस असावं. आमच्याकडे नवरा मागून गाडी घेऊन थांबतो आणि कुरकुरतो, तेही काम कोणीतरी करायला हवं.

दगड एखाद्याच्या बागेत किंवा शेताच्या आत गेलेला असेल तर दार वाजवून विचारा. आजवर मला कोणी नाही म्हटलेलं नाही. एका आजींनी तर उलट मलाच विचारलं, हा थडग्याचा दगड नाही ना?

जागेवर

बकिंगहॅमशरमधल्या एका बारीक रस्त्यावरचा दगड मला तिसऱ्या फेरीत मिळाला. नकाशात तो शेताच्या फाटकासमोर होता. फाटक होतं, दगड नव्हता. आधीचा दगड डाव्या हाताला होता म्हणून मी डावीकडेच पाहत होते, आणि तो नियम बरोबरच होता. एका ट्रस्टचे दगड शक्यतो रस्त्याच्या एकाच बाजूला असतात. चूक वेगळीच होती. मी उभा दगड शोधत होते. शे-दोनशे वर्षांत रस्त्यावर थर चढतात, कडेची माती वाढते. माझा बूट ज्याला ठेचकाळला तो वीतभर उंचीचा गोलसर माथा होता, आयव्हीच्या वेलाखाली, वर कुणीतरी फेकलेला कॉफीचा कप.

वेल ओढून काढायचा नाही. त्याची मुळं दगडाच्या भेगांत असतात, दगडाचा पापुद्राच हातात येतो. कात्रीने कापून बाजूला करायचा. माती हाताने, फार तर बोटभर सारायची. खणायचं नाही. मग मऊ ब्रशने सुटी धूळ काढून पाणी मारायचं. ओल्या दगडात अक्षरं उठतात. तरी दिसली नाहीत तर टॉर्च दगडाच्या कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरायचा. समोरून उजेड पाडला तर सगळं सपाट दिसतं, आडवा पाडला की खाचांत सावली भरते. त्या संध्याकाळी आधी एक उभी रेघ दिसली, मग दोन फुल्या, मग त्याच्यापुढे आणखी दोन रेघा. पहिली रेघ म्हणजे दगडाचा ओरखडाच होता, बाकीचं रोमन अंकांतलं बावीस. नवरा गाडीतून उतरून आला आणि त्यानंतर दहा मिनिटं कुरकुरला नाही.

आता माझी चूक सांगते. पहिल्याच वर्षी एका चुनखडीच्या दगडावरचं शेवाळ मी भांड्यांच्या तारेच्या घासणीने घासलं. अक्षरं स्वच्छ झाली, फोटो सुरेख आला. पण काळ्या रंगाचे जुने कण अक्षरांच्या खोबणीत शिल्लक होते, ते मी घासून टाकले, आणि दगडावर घासणीचे ओरखडे आजही दिसतात. घासणी, ॲसिड, प्रेशर वॉशर यांतलं काहीही नको. रंगही लावू नका. वारसा यादीतल्या दगडाला परवानगीशिवाय हात लावणं गुन्हा ठरू शकतो.

दगड वाचणं

सगळ्यात आधी विचारा, हे मैल कुठून मोजलेत? आज लंडनचं अंतर चेरिंग क्रॉसपासून धरतात. जुन्या दगडांना ते मान्य नव्हतं. बाथ रोडचे दगड हाइड पार्क कॉर्नरपासून, काही हिक्स हॉल नावाच्या जुन्या न्यायालयापासून, काही शोरडिच चर्चपासून, काही कॉर्नहिलपासून. त्यामुळे आकडा आजच्या पाटीशी जुळला नाही तर दगड चुकला असं समजू नका.

ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. मुंबईतले जुने मैलाचे दगड फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून मोजलेले आहेत. ज्या चर्चच्या वाटेवरच्या वेशीमुळे चर्चगेट नाव पडलं, तेच हे चर्च. काळ्या बेसॉल्टचे, रोमन आकड्यांचे ते दगड पदपथाच्या फरशीत गळ्यापर्यंत गाडले गेले होते. गेल्या काही वर्षांत महापालिकेने त्यांतले बरेच वर काढून उभे केलेत. भारतात गेलात की दादर-लालबागच्या बाजूला डोळे उघडे ठेवा.

मग आकार. चौकोनी, माथा गोल, एकच तोंड असलेला दगड बहुधा अठराव्या शतकातला. रस्त्याकडे कोन करून दोन तोंडं असलेला, किंवा लोखंडाचा त्रिकोणी, बहुधा एकोणिसाव्या शतकातला. धावत्या गाडीवरच्या कोचमनला दोन्ही दिशांनी वाचता यावा म्हणून तो कोन.

नावांच्या जागी छिन्नीचे घाव दिसले तर ते टवाळखोरांचं काम असेलच असं नाही. १९४० मध्ये जर्मन सैन्य उतरेल या भीतीने देशभरच्या दिशादर्शक पाट्या काढल्या आणि दगडांवरची गावांची नावं खरवडली. कित्येक दगड जागेवरच पुरले गेले. त्यातले काही युद्धानंतर परत उभे राहिले, काही अजून मातीत आहेत. दगडाच्या पायथ्याशी आडवी रेघ आणि तिच्याखाली तीन रेघांचा बाण असेल तर ती सर्व्हेवाल्यांची उंची मोजायची खूण. नकाशात तीही सापडते.

टोलघर चुकवू नका

दगडांच्या अधेमधे रस्त्याला अगदी चिकटून एक बुटकं घर दिसेल. रस्त्याकडची भिंत बाहेर आलेली, तीन बाजूंची, प्रत्येक बाजूला खिडकी, म्हणजे आतल्या माणसाला दोन्हीकडून येणारी गाडी दिसावी. दरवाजावर खिडकीएवढा बुजवलेला चौकोन असतो, तिथे दरफलक लावलेला असे. ससेक्समध्ये सिंगलटन गावी वील्ड अँड डाउनलंड म्युझियममध्ये असं एक घर फलकासकट उभं केलं आहे. फलक नीट वाचा. घोडा, गाडी, मेंढ्यांचा कळप, सगळ्यांचा दर वेगळा. पायी जाणाऱ्याला साधारणपणे माफी. टपालगाडीलाही माफी असे, त्यामुळे तिचा गार्ड लांबूनच शिंग फुंकायचा आणि फाटक तिच्यासाठी उघडं करून ठेवावं लागे.

माफीच्या यादीवरून आठवलं. श्रॉपशरमधला आयर्नब्रिजचा जुना लोखंडी पूल टर्नपाइक ट्रस्टचा नाही, तो खासगी मालकांचा होता. त्यांच्या फलकावर स्पष्ट लिहिलंय की सैनिक असो, टपालगाडी असो की राजघराणं, टोल सगळ्यांना. आपल्याकडच्या नाक्यांवरच्या सूट असलेल्यांच्या लांबलचक पाट्या वाचून मोठी झालेली मी त्या फलकासमोर बराच वेळ उभी होते.

नोंद करा, त्याच दिवशी

फोटो कमीत कमी चार. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि रस्त्यासकट लांबून. चौथा सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्यावरूनच पुढच्या माणसाला जागा कळते. फोनवरून ब्रिटिश नॅशनल ग्रिडचा संदर्भ, म्हणजे नकाशावरची नेमकी जागा सांगणारा क्रमांक घ्या, निदान आठ आकडी. मग वहीत रस्त्याचा क्रमांक, कोणती बाजू, जमिनीवरची उंची, रुंदी, दगड की लोखंड, आणि मजकूर जसा आहे तसा, ओळीसाठी ओळ. झिजलेलं अक्षर अंदाजाने भरू नका, तिथे टिंब द्या. स्थितीबद्दल दोन शब्द पुरतात, ‘डावीकडे कललेला, माथा तुटका’ असे.

ही नोंद माइलस्टोन सोसायटीला पाठवता येते. दगड आडवा पडला असेल, गाडीने ठोकला असेल किंवा गवत कापायच्या यंत्राने टवके उडाले असतील तर त्या काउंटीच्या रस्ते विभागालाही कळवा. रस्त्यालगतचे बहुतेक दगड त्यांच्याच ताब्यात असतात. लोखंडी पाट्या भंगारासाठी चोरीला जातात, म्हणून ऑनलाइन लिलावात किंवा जुन्या वस्तूंच्या बाजारात अशी पाटी दिसली तर ‘दिवाणखान्यात छान दिसेल’ हा मोह टाळा आणि सोसायटीला फोटो पाठवा.

दगड नाहीच मिळाला तर तेही लिहायचं, तारखेसकट. पुरलेला दगड दहा वर्षांनी गटार खणताना वर आला, तर कोणी कुठवर पाहिलं होतं हे लागतं. माझ्या वहीत गेल्या मार्चची नोंद आहे: ‘एम. एस., चर्चच्या उत्तरेला, दिसला नाही. ब्रॅम्बल फार. जानेवारीत पुन्हा.’ जानेवारी होऊन गेला, नवरा भारतात होता, जायचं राहिलंय.